आजीचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब पुन्हा पेटवायचाय. पत्रा झिजलाय का, हे कसं ओळखायचं?

घरचे बंब मोडीत घाला म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडेही हेच चाललं होतं, म्हणून लिहितोय.

ठाण्यात चरईतली आमची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा दादाने बंबात पाणी भरलं, खाली ओल दिसली आणि "तळ गेला" म्हणून मोकळा झाला. जांभळी नाक्यावर तांब्याचा भावही विचारून आला. मी बंब रिकामा करून कोरडा केला, विस्तव घालतात त्या मधल्या नळीत पेटता बल्ब सोडला, खोलीत अंधार केला आणि वरून पाण्याच्या बाजूला डोकावलो. उजेडाचा एक ठिपका दिसेल तर शपथ! मग पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवला. सकाळी कागद भिजला होता तो फक्त तोटीखाली, आणि तोटीच्या मुळाशी कळंकाची हिरवी रेघ. पत्रा ठणठणीत, गेली होती ती तोटी जोडणारी झाळ. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात, कथील-शिशाची झाळ १८३ लाच मऊ पडायला लागते. पाणी न भरता निखारे घातले की हे व्हायचंच. दादाचं म्हणणं, "आज झाळ, उद्या पत्रा." तांबटाने तोटी झाळून दिली. तो बंब दर दिवाळीला पहाटे गच्चीवर पेटतो.

तुमच्या बंबात निखाऱ्यांखालच्या जाळीच्या लगेच वरचा नळीचा भाग बघा. आच तिथेच सगळ्यात जास्त, आणि दगडी कोळशाची राख तिथे ओली राहिली की विस्तवापेक्षा तीच पत्रा जास्त खाते. अंगठ्याने दाबून पाहा. पत्रा लवला तर पातळ झालाय. बल्ब आणि पाणी लावून बघण्याआधी आतला क्षारांचा थर चिंचेच्या पाण्याने काढा, कारण बारीक भोकं तो थरच बुजवून ठेवतो. लोखंडी जाळी जळली असेल तर नवीन बसते, तेवढ्यावरून बंब बाद ठरवू नका.

नळीलाच भोकं निघाली तर मात्र वरवर झाळून भागणार नाही, नळी बदलावी लागते. आणि बंब बंद न्हाणीघरात पेटवायचा नाही, कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. वाफेची वाटही बुजवू नका.

तपासणी स्वतः करा किंवा तांबटाकडून करून घ्या. आधी भाव विचारून आलेल्या माणसाला बंबाला हात लावू देऊ नका, मग तो सख्खा भाऊ का असेना.