वाचकांचे प्रश्न : कारवीचे फूल, छापलेले आणि विणलेले

या महिन्यात वस्त्ररचनेविषयी आलेल्या पत्रांतील तीन पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील अडचण या विषयाच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला येते आणि तिचे उत्तर दोन ओळींत देता येत नाही.

प्रश्न : मी वस्त्ररचना अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचे घर इचलकरंजीत असून वडिलांचे आठ यंत्रमाग आहेत. अंतिम प्रकल्पासाठी मी कारवीच्या फुलावर सहा छापील आणि चार विणलेल्या कापडांचा संच करीत आहे. चित्रे मनासारखी झाली. ती सुती कापडावर छापून आणली तेव्हा जवळून फूल सुंदर दिसले, परंतु दोन मीटर कापड पसरताच त्यावर आडवे पट्टे असल्यासारखे वाटू लागले. तेच चित्र आलेख कागदावर उतरवून जकार्डवर (ताण्याचे धागे वेगवेगळे उचलून नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर) विणायला दिले, तर फूल उभे ताणले गेले, पाकळ्यांच्या कडा पायऱ्यांसारख्या तुटल्या आणि कापडाच्या मागे लांब धागे सुटे राहिले. वडील म्हणाले, "हे मागाचे डिझाइनच नाही." बाई, माझी चूक चित्रात झाली की तंत्रात?

उत्तर : तुमच्या वडिलांनी एका वाक्यात उत्तर दिलेले आहे, मी ते फक्त उलगडून सांगते. तुमचे चित्र कागदासाठी पूर्ण झाले होते, कापडासाठी ते अजून सुरूही झाले नव्हते. छपाईत रंग तयार कापडावर बसतो, तर विणकामात नक्षी आणि कापड एकाच वेळी जन्माला येतात. त्यामुळे एकाच फुलाची छपाईसाठी एक आणि मागासाठी दुसरी अशी दोन स्वतंत्र चित्रे करावी लागतात.

आधी छपाईकडे पाहू. आडवे पट्टे दिसतात ते फुलांमुळे नव्हे, फुलांमधल्या मोकळ्या जागांमुळे. चौकटीच्या (नक्षीच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याच्या) वरच्या आणि खालच्या कडेजवळ तुम्ही नकळत थोडी जागा सोडलेली असणार, कारण कागदाच्या कडेपर्यंत जायला प्रत्येकाचा हात कचरतो. चौकट शेजारी शेजारी मांडली की त्या जागा एका ओळीत येतात आणि डोळा फुले सोडून त्या ओळीच्या मागे धावतो. यावरचा जुना उपाय आजही सर्वांत खात्रीचा आहे : चित्राचे उभे आणि आडवे असे चार समान तुकडे करावेत, डावे उजवीकडे आणि वरचे खाली नेऊन जोडावेत, म्हणजे बाहेरच्या कडा मध्यभागी येतात आणि तिथली रिकामी जागा समोर दिसते. ती भरावी. त्यानंतर शेजारचा उभा स्तंभ अर्ध्या उंचीने खाली सरकवून पाहावा. आडव्या ओळी मोडतात, मात्र कधी कधी त्यांच्या जागी तिरक्या ओळी तयार होतात, तेव्हा निदान नऊ चौकटी भिंतीवर लावून दहा फुटांवरून, डोळे थोडे मिटून पाहिल्याशिवाय नक्षी पक्की झाली असे समजू नये. संगणकाच्या पडद्यावर हा दोष लपतो, कारण तिथे आपण नेहमी जवळ असतो.

चौकटीचे मापही मनाने ठरवता येत नाही. रोटरी छपाईच्या नळकांड्याचा घेर बहुतेक ठिकाणी 64 सेंटिमीटर असतो, म्हणून नक्षीची उंची 64 ला पूर्ण भाग जाणारी हवी : 64, 32, 16. तुमची नक्षी 30 सेंटिमीटरवर पुन्हा येत असेल, तर दोन फेऱ्यांनंतर 4 सेंटिमीटर उरतात आणि त्यांचे काहीच करता येत नाही. शिवाय तिथे प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन (रंग पाझरू देणारी जाळी) लागतो. डिजिटल छपाईला ही दोन्ही बंधने नाहीत, तरीही सहा कापडांपैकी निदान दोन कापडे चार किंवा पाच रंगांतच बसवा, असा माझा आग्रह आहे. रंग कमी असले की कारवीच्या जांभळ्यातला कोणता जांभळा खरोखर हवा आहे, हे ठरवावेच लागते.

आता माग. फूल उभे ताणले गेले याचे कारण साध्या भागाकारात आहे. समजा, कापडात इंचाला ताण्याचे, म्हणजे उभे, 80 धागे आहेत आणि बाण्याचे, म्हणजे आडवे, 60. तुम्ही चौरस घरांच्या कागदावर 80 घरे रुंद आणि 80 घरे उंच असे फूल काढले, तर कापडावर त्याची रुंदी एक इंच होईल, उंची मात्र सुमारे सव्वा ते दीड इंचाच्या मध्ये कुठेतरी, नेमके सांगायचे तर 1.33 इंच. म्हणून कागदच असा घ्यावा लागतो की ज्या लांबीत आडवी आठ घरे बसतात त्याच लांबीत उभी सहा बसतील. हे आकडे मागावर ताणलेल्या कापडावरून घेऊ नका. मागावरून उतरल्यावर आणि धुतल्यावर कापड आटते. भिंग ठेवून धागे मोजायचे ते त्यानंतर.

कडा पायऱ्यांसारख्या तुटल्या, हा दोष पूर्णपणे टाळता येत नाही. ताणा आणि बाणा काटकोनातच भेटतात, त्यामुळे मागावरची प्रत्येक वक्ररेषा पायऱ्यांचीच असते, आणि ती गुळगुळीत दिसण्यासाठी पायऱ्या किती लहान हव्यात हे धाग्यांच्या दाटीवर अवलंबून असते. जाड सुतात नाजूक पाकळी मागणे म्हणजे सुतावर अन्याय आहे. जकार्डला 400 हूक (धागे उचलणारे आकडे) असतील आणि इंचाला 80 धागे असतील, तर तुमच्या हाती एकूण पाच इंच रुंदी आहे. त्या पाच इंचांत काय सांगायचे ते ठरवा. सोळा फ्रेमच्या डॉबीवर (धागे गटागटाने उचलणाऱ्या साध्या यंत्रणेवर) तर सरळ भरणीत, म्हणजे धागे क्रमाने एकेका फ्रेममधून ओवले असता, सोळाच धागे वेगवेगळे हलतात, म्हणजे इंचाचा पाचवा भाग. तिथे फूल येणार नाही, फार तर कळीची बुट्टी येईल, आणि ती चांगली काढली तर पुरेशी असते.

मागे सुटे राहिलेले धागे ही अधिक गंभीर बाब आहे. फुलासाठी जो धागा पृष्ठभागावर येतो, तो उरलेल्या जागेत मागे मोकळा धावतो. इंचाला 80 धागे असताना बाण्याने 20 धागे ओलांडले तर पाव इंचाची सैल दोरी तयार झाली असे समजा. मी विद्यार्थिदशेत पडद्यासाठी विणलेल्या कापडात असे लांब धागे ठेवले होते, आणि परीक्षणाच्या वेळी बघणाऱ्या बाईंची बांगडी त्यात अडकून फूलच उसवले. तो प्रसंग मी विसरलेले नाही. मोठ्या आकारांच्या आत सॅटिन किंवा ट्विलची बांधणी (ताणा-बाणा गुंतवण्याच्या ठरावीक रीती) भरली की धागा ठरावीक अंतरावर खाली धरला जातो. आपल्याकडच्याच दोन वस्त्रांत या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे सापडतात. औरंगाबादच्या हिमरूमध्ये जादा बाणा मागे मोकळा सोडतात आणि म्हणून त्या कापडाला अस्तर लावण्याची पद्धत आहे. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा बाणा आपल्या आकारापुरताच जातो आणि शेजारच्या रंगाच्या बाण्यात गुंतून परत फिरतो, त्यामुळे मोर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो. येवल्याला जाणे शक्य असेल तर एक दिवस विणकरामागे बसून हे पाहा. पुस्तकातील आकृतीवरून ते गुंतणे लक्षात येत नाही.

रंगाबाबत एक काम आठवडाभरात करून टाका. ताण्यात आठ रंगांचे पट्टे भरा आणि त्याच आठ रंगांचे बाणे क्रमाने टाका. एका तुकड्यात 64 चौकोन मिळतील. जांभळा ताणा आणि पोपटी बाणा एकत्र आले की न जांभळा राहतो न पोपटी, दुरून एक करडी झाक दिसते. छपाईच्या रंगपेटीवरून हा अंदाज कधीच येत नाही, आणि विणलेल्या चार कापडांचे रंग तुम्ही या तुकड्यावरूनच निवडावेत असे मला वाटते.

शेवटी विषयासंबंधी एक सूचना. कारवी म्हणजे केवळ सात वर्षांनी फुलणारे फूल नाही. सह्याद्रीतील कितीतरी घरांचे कूड कारवीच्या काठ्यांचे असतात : सरळ काठ्या शेजारी शेजारी, त्यांना आडव्या बांधण्या आणि वरून मातीचा लेप. तो कूड स्वतःच ताणाबाणा आहे. फूल छपाईला द्या आणि कूड मागाला द्या. काठ्यांची कमीअधिक जाडी वेगवेगळ्या क्रमांकांच्या सुतांनी दाखवता येईल, माती निघून गेलेल्या जागा फणीतील (ताण्याचे धागे अलग ठेवणाऱ्या दातांमधील) काही घरे रिकामी सोडून दाखवता येतील, आणि त्यासाठी जकार्डचीही गरज पडणार नाही. वडिलांच्या साध्या मागावर ते विणून होईल. दहा कापडांचा संच तरीही एकाच झाडाचा राहील. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार प्रभाकर बरवे अनेक वर्षे सरकारी विणकर सेवा केंद्रात काम करीत होते, याची मला अशा वेळी आठवण होते. चित्रकाराला विणकराशेजारी बसवण्याची ही सोय तुम्हाला घरातच मिळालेली आहे. पुढचे चित्र काढण्यापूर्वी ते वडिलांना तोंडी सांगून पाहा, आणि "हे मागावर कसे येईल?" असे विचारा.

प्रश्न : मी नाशिकला शिकतो. हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या सुती कापडावर तुरटी आणि डिंक यांच्या मिश्रणाने ठसे छापून ते मंजिष्ठाच्या (लाल रंग देणाऱ्या मुळांच्या) पाण्यात उकळले. लाल रंगाऐवजी मळकट तपकिरी रंग आला आणि न छापलेली जागाही गुलाबी झाली. असे का व्हावे?

उत्तर : या दोन चुका वेगळ्या आहेत. तपकिरी रंगाबाबत पहिला संशय लोखंडावर घ्यावा. हिरड्यातील तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून काळसर रंग देते. गूळ आणि गंजके लोखंड आंबवून केलेल्या पाण्याने अजरखचे (कच्छकडील ठशांच्या छपाईचे) कारागीर काळ्या रेषा छापतात त्या याच गुणामुळे. तुमचे भांडे लोखंडी असेल किंवा पाण्यात लोह असेल, तर तोच काळेपणा थोड्या प्रमाणात सगळ्या लालात मिसळतो. तांब्याचे किंवा स्टीलचे भांडे वापरा. दुसरा संशय उकळण्यावर आहे. मंजिष्ठाचे पाणी खळखळ उकळले की तपकिरी द्रव्येही बाहेर पडतात, म्हणून आच मंद ठेवावी आणि हात जेमतेम सोसणार नाही इतक्या उष्णतेवरच, पण अधिक वेळ, कापड ठेवावे.

कापडाची जमीन, म्हणजे न छापलेली जागा, गुलाबी झाली, कारण छापल्यानंतर कापड पुरते धुतले गेले नाही. ठसा वाळल्यावर काही दिवस तसाच राहू द्यावा, म्हणजे तुरटी धाग्याला धरते; त्यानंतर भरपूर वाहत्या पाण्यात कापड झटकून धुवावे, कारण सुटी तुरटी जिथे पसरते तिथे रंगही चिकटतो. राजस्थानातील बगरूचे छिपे (ठसे छापणारे कारागीर) रंगाच्या कढईत धायटीची फुले टाकतात, त्याने जमीन स्वच्छ राहायला मदत होते. धायटी आपल्या डोंगरउतारांवर पुष्कळ आहे, आणि हिरडाही भीमाशंकरच्या परिसरातील आदिवासी कुटुंबे गोळा करून विकतात. विकत घेताना तो शक्यतो त्यांच्याकडूनच घ्यावा. आणखी एक : दुकानातून आणलेल्या कापडाची खळ आधी पूर्ण काढली होती का, हे पत्रात लिहिलेले नाही. पाण्याचा थेंब कापडावर टाका. तो क्षणात शोषला गेला नाही, तर बाकीचे सर्व उपाय व्यर्थ जातील.

प्रश्न : माझी डिझाइन्स मी समाजमाध्यमांवर टाकावीत का? कुणी उचलली तर काय करता येते?

उत्तर : ज्या नक्षी तुम्ही पुढे कारखान्याला विकू इच्छिता त्या आधी दाखवू नका. भारतात कापडाच्या नक्षीला 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणीने संरक्षण मिळते. ते दहा वर्षांचे असते आणि आणखी पाच वर्षे वाढवता येते. मात्र नक्षी नवी असावी लागते, आणि अर्ज करण्यापूर्वी ती लोकांसमोर प्रसिद्ध झाली असेल तर ती नवी मानली जात नाही, मग ती तुम्ही स्वतःच प्रसिद्ध केलेली का असेना. "चित्र माझे आहे, कॉपीराइट आपोआप आहे" या समजुतीवर विसंबणेही धोक्याचे आहे, कारण नोंदणीयोग्य नक्षी नोंदवली नाही आणि ती लावलेली वस्तू औद्योगिक रीतीने 50 हून अधिक वेळा तयार झाली, तर त्या डिझाइनवरील कॉपीराइट संपतो.

याचा अर्थ काहीच दाखवू नये असा नाही. रेखाटने, रंगांचे तुकडे, मागावर बसून केलेले प्रयोग निःसंकोच दाखवा. काम देणाऱ्याला तुमचा हात आणि विचार त्यातून अधिक चांगला कळतो. विक्रीसाठी ठेवलेल्या नक्षींच्या मूळ कागदांवर तारीख घाला, संगणकावरील कच्च्या प्रती पुसू नका, आणि एखाद्या कारखान्यात नक्षी दाखवायला नेताना कोणत्या दिवशी कोणत्या नक्षी दाखवल्या याची यादी करून तिच्यावर त्यांची सही घ्या. सही द्यायला नकार मिळाला, तर नक्षी पिशवीतच ठेवून परत या.