छाटलेली विडी आणि न मानलेली साक्ष

प्रश्न : मी तत्त्वज्ञानात एम. ए. करते आहे. विडी वळणाऱ्या बायकांवरील अन्याय हा विषय पीएच.डी.साठी घ्यावा असे मनात आहे; परंतु ‘हे समाजशास्त्र झाले, यात तत्त्वज्ञान कुठे आहे?’ असे मला विचारले जाते. आपण बेळगावात नीतिशास्त्र शिकवता, म्हणून मार्गदर्शन मागते.
– एक वाचक, निपाणी तालुका

उत्तर : किती बायका विडी वळतात आणि हजार विड्यांमागे मजुरी किती पडते, हे समाजशास्त्र सांगेल; परंतु त्यांच्यावर नेमका कोणता अन्याय होतो आणि तो दूर करण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. छाटीचेच पाहा. मोजणीच्या वेळी सदोष ठरवून बाजूला काढलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी यांवरून होणारे वाद सोडवण्याची तरतूद १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात होती; नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. परंतु ‘विडी चांगली होती’ हे वळणारीचे म्हणणे केवळ ती गरीब, अशिक्षित बाई म्हणून खोटे धरले गेले असेल, तर मजुरी भरून मिळाल्यावरही एक अन्याय उरतो : स्वतःच्या कामातली जाणकार म्हणून तिला मानलेच गेलेले नसते. तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये या अन्यायाची सविस्तर मांडणी केली.

मला मात्र निपाणीच्या संदर्भात तत्त्वज्ञ क्रिस्टी डॉट्सन यांनी २०११ मध्ये मांडलेला मुद्दा अधिक मोलाचा वाटतो. समोरचा समजून घेणार नाही आणि बोलणे अंगाशी येईल, हे ओळखून बोलणारी व्यक्ती स्वतःच आपली साक्ष आखडती घेते. ज्या ठेकेदाराकडून उद्याची पाने आणि तंबाखू घ्यायचा, त्याच्याविरुद्ध बोलणे कोणाला परवडेल? मग कागदोपत्री ‘तक्रार नाही’ अशी नोंद होते आणि तिलाच समाधानाचा पुरावा मानले जाते. म्हणून मोजणी कोणासमोर होते, वही कोणाच्या हाती असते, कानडीतला अर्ज मराठी बाईला कोण वाचून दाखवते, हे प्रश्न तुमच्या प्रबंधात यायलाच हवेत. एकेकट्याने पूर्वग्रह सोडून भागत नाही, संस्थांची रचनाच न्याय्य असावी लागते, हे तत्त्वज्ञ एलिझाबेथ अँडरसन यांचे प्रतिपादन तेथे उपयोगी पडेल.

आपल्या परंपरेतही या विचाराला भक्कम आधार आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे, तर डॉ. आंबेडकरांनी १९१९ मध्ये मताधिकारविषयक साउथबरो समितीपुढे साक्ष दिली; अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच करावे, हा आंबेडकरांचा आग्रह तुमच्या विषयाला थेट भिडतो.

मुलाखती मोजणीच्या जागी किंवा ठेकेदाराच्या ओळखीने घेऊ नका, आणि लिहिलेला मजकूर त्या बायकांना त्यांच्याच बोलीत वाचून दाखवल्याशिवाय प्रबंधात घालू नका.