दूध-तूप सोडल्यावर जीवनसत्त्वे कुठून मिळवायची?

आहारविषयक प्रश्नोत्तरे

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात राहतो. वय २७ वर्षे, घरची कोरडवाहू शेती. आमच्या घरी मांस-अंडी पूर्वीपासूनच चालत नाहीत. दोन वर्षांपूर्वी मी दूध, दही, ताक आणि तूपही सोडले. जनावरांविषयीच्या कळवळ्यातून घेतलेला हा निर्णय मला बदलायचा नाही. गावात किराण्याची दोन दुकाने आणि मंगळवारचा आठवडी बाजार याखेरीज काही नाही. सोयादुधाची पाकिटे इथवर येत नाहीत आणि आली तरी परवडणार नाहीत. आई रोज म्हणते, ‘दूध नाही, दही नाही, अंगात ताकद कुठून येईन रे बाबू?’ काही महिन्यांपासून माझ्या तळपायांना मुंग्या येतात. भाकर, वरण, भाजी आणि ठेचा एवढ्या जेवणातून सगळी जीवनसत्त्वे मिळू शकतील का?

उत्तर : आपल्या पत्राच्या शेवटी ओझरता आलेला मुंग्यांचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. दोन वर्षे दुधाचा थेंबही न घेतलेल्या माणसाच्या तळपायांना मुंग्या येत असतील, तर पहिली शंका बी-१२ या जीवनसत्त्वाच्या कमतरतेची घ्यावी लागते. मधुमेहासारखी इतर कारणेही असू शकतात. म्हणून हे उत्तर वाचून होताच तालुक्याच्या डॉक्टरांकडे जावे आणि आहारात काय सोडले आहे ते त्यांना न संकोचता सांगावे. रक्तातील बी-१२ तपासायचे असेल, तर गोळ्या सुरू करण्यापूर्वीच तपासावे, कारण गोळ्या सुरू झाल्यावर आकडा वर दिसतो आणि मूळ परिस्थिती कळत नाही. ही कमतरता फार काळ राहिली, तर मज्जातंतूंना झालेली इजा पुढे उपचार करूनही पूर्णपणे भरून येईलच असे नाही.

बी-१२ कोणतीही वनस्पती तयार करत नाही. ते तयार करतात केवळ काही सूक्ष्मजीव. गाय गवतच खाते, मग तिच्या दुधात ते कुठून येते, असे आपल्या आईंनी विचारले, तर त्यांना सांगावे की गाईच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव ते बनवतात. माणसाच्या मोठ्या आतड्यातही असे सूक्ष्मजीव असतात, पण तिथे बनलेले बी-१२ आपल्या शरीराला शोषून घेता येत नाही. आंबवलेल्या पदार्थांतून, स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या भुकटीतून किंवा न धुतलेल्या भाजीला लागलेल्या मातीतून ते मिळते, असे सांगणारे लोक भेटतात. त्यांच्यावर विसंबू नये. स्पिरुलिनात असते ते मुख्यतः बी-१२ सारखे दिसणारे, पण माणसाच्या उपयोगी न पडणारे द्रव्य. न धुतलेल्या भाजीतून तर जंतांखेरीज भरवशाने काही मिळणार नाही.

रेशनच्या तांदळाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी ते सांगणे आवश्यक आहे. अलीकडच्या वर्षांत रेशन दुकानांतून पोषणयुक्त तांदूळ दिला गेला आहे, त्यात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ मिसळलेले दाणे असतात. हे दाणे थोडे वेगळे दिसतात, म्हणून अनेक घरांत ‘प्लास्टिकचा तांदूळ’ समजून ते सुपात निवडून फेकून देतात. कृपया तसे करू नका, ते दाणे तांदळाच्याच पिठापासून बनवलेले असतात. मात्र त्यातील बी-१२ चे प्रमाण किलोमागे सुमारे ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम एवढेच आहे आणि प्रौढ माणसाची रोजची गरज साधारण २.२ मायक्रोग्रॅम असते. दिवसाला पाव किलो तांदूळ शिजवून खाल्ला, तरी गरजेचा आठवा भागही जेमतेम भरेल.

तेव्हा गोळी घ्यावी लागेल, आणि यात मला कोणतीही तडजोड सुचवता येत नाही. कमतरता नसलेल्या प्रौढ व्यक्तीने रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम घ्यावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. गरज २.२ ची असताना आठवड्याला २००० कशासाठी, असा प्रश्न पडेल. शरीर एका वेळी नेहमीच्या मार्गाने जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम शोषते आणि त्यापुढच्या मात्रेतील शेकडा एक भागच आत जातो, हे त्याचे कारण आहे. कमतरता आढळली, तर मात्रा डॉक्टर ठरवतील, आणि मुंग्यांसारखी लक्षणे असताना ते काही काळ इंजेक्शनही देतील. औषधाच्या दुकानात ‘ताकदीची गोळी’ मागू नये. बी-कॉम्प्लेक्सच्या अनेक गोळ्यांत बी-१२ अगदी नाममात्र असते किंवा नसतेच, म्हणून पाकिटावर सायनोकोबालामिन किंवा मिथाइलकोबालामिन हे नाव आणि त्यापुढचा मायक्रोग्रॅमचा आकडा वाचून घ्यावा. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. आपल्याला ते चालणार नाही, तेव्हा साधी गोळी मागावी.

आता भाकर, वरण, भाजी आणि ठेचा यांविषयी. बी-१२ आणि ड ही दोन जीवनसत्त्वे वगळली, तर बाकीची सगळी आपल्या वावरात, धुऱ्यावर आणि मंगळवारच्या बाजारात मिळतात, हे मी पूर्ण विश्वासाने सांगतो. प्रश्न उरतो तो ती ताटापर्यंत पोहोचण्याचा. आपल्याकडे अंबाडीची भाजी उकडून, पिळून, तिचे आंबट पाणी फेकून देण्याची पद्धत आहे. तरोट्याच्या कोवळ्या पाल्याचेही अनेक घरांत तेच होते. त्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्व, फोलेट आणि ब गटातील इतर जीवनसत्त्वांचा मोठा वाटा निघून जातो. ते पाणी वरणात घालावे किंवा भाकरीचे पीठ त्यात भिजवावे. भाजी फार आंबट लागत असेल, तर ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ थोडी वाढवली की पिळण्याची गरज उरत नाही.

दूध सोडल्यावर बी-१२ च्या खालोखाल कमी पडते ते बी-२, म्हणजे रायबोफ्लेविन, आणि त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ओठांचे कोपरे फुटणे आणि जीभ लाल होऊन झोंबणे ही त्याच्या कमतरतेची लक्षणे. शेवग्याचा पाला, चवळी-राजगिऱ्याची पालेभाजी, अख्खी कडधान्ये आणि शेंगदाणे यांतून ते मिळते. पावसाळ्यात सात्या, म्हणजे रानातली अळिंबी, येतात, त्यांतूनही मिळते, पण त्या ओळखणाऱ्या जाणत्या माणसाने आणलेल्या असतील तरच खाव्यात. रायबोफ्लेविन उजेडाने नष्ट होते, आणि पालेभाजीतले अ जीवनसत्त्वही कडक उन्हात टिकत नाही. हरभऱ्याची भाजी उन्हाळ्यासाठी वाळवून ठेवत असाल, तर ती अंगणात उन्हात न पसरता घरात, वाऱ्यावर, सावलीत वाळवावी.

ज्वारीबद्दल एक सूचना करतो. जेवण जवळजवळ सगळे ज्वारीचेच असेल, तर नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडू शकते. हैदराबाद येथे संशोधन करणारे डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास दख्खनमधील ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा हा रोग दाखवून दिला होता. नायसिनच्या अभावी होणाऱ्या या रोगात उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट चट्टे येतात. म्हणून ज्वारी सोडावी, असे मी मुळीच म्हणत नाही, ती आपल्या मातीतले उत्तम धान्य आहे. तिच्यासोबत रोज वाटीभर घट्ट वरण किंवा चून (पिठले) आणि मूठभर शेंगदाणे असले की चिंता उरत नाही. ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास नायसिन मिळते, आणि बैठे काम करणाऱ्या प्रौढ माणसाची रोजची गरज ११ ते १४ मिलिग्रॅमची असते, कष्टाचे काम करणाऱ्याची त्याहून अधिक. ठेच्यात शेंगदाणे घातले, तर उत्तमच.

अ जीवनसत्त्वासाठी लाल भोपळा, पपई, गाजर आणि गडद हिरवा पाला पुरे, फक्त भाजीला तेलाची फोडणी हवी, कारण तेलाशिवाय ते अंगी लागत नाही. क जीवनसत्त्वासाठी हिवाळ्यात आवळा, बोरे आणि आंबिया बहाराची संत्री असतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी मृग बहाराची संत्री येतात आणि एरवी लिंबू असतेच. लिंबू शिजवू नये, ताटात वरणावर पिळावे. खरी अडचण येते ती एप्रिल ते जून या काळात, विहिरीचे पाणी आटल्यावर, बाजारात पालेभाजी दिसत नाही तेव्हा. त्यासाठी न्हाणीच्या सांडपाण्यावर शेवग्याचे एक झाड लावून ठेवावे. ते उन्हाळ्यातही पाला देते आणि गुरांपासून राखले, तर दुसऱ्या वर्षी घराला पुरते.

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यात शिक्षिका आहे आणि दुधाचे पदार्थ खात नाही. आमच्याकडे एवढे ऊन असताना डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची कमतरता सांगितली. हे कसे? आणि त्यांनी दिलेले औषध वनस्पतिजन्य असते का?

उत्तर : ऊन गावात असून उपयोग नाही, ते कातडीवर पडावे लागते. आपला दिवस वर्गात जातो, आणि बाहेर निघताना स्कार्फ व पूर्ण बाह्या असतात. अगदी सकाळच्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण फारच कमी असतात आणि खिडकीच्या काचेतून ते येत नाहीत. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते, तेव्हाचे ऊन उपयोगाचे. मे महिन्यात सावली नऊच्या सुमारासच आखूड होते, म्हणून तेव्हा दुपारी बाहेर जाऊन उष्माघात ओढवून घेण्याचे कारण नाही. पौषात मात्र ती भर दुपारीच तेवढी आखूड होते. हात, पाय आणि मान उघडी ठेवून २० ते ३० मिनिटे आठवड्यातून काही दिवस बसावे, सावळ्या कातडीला थोडा अधिक वेळ लागतो.

औषधाविषयी सांगायचे, तर आठवड्याला एकदा घ्यायची ६०,००० युनिटची पुडी बहुतेक वेळा ड-३ ची असते आणि ते मेंढीच्या लोकरीतील मेणापासून काढतात. ड-२ हे यीस्ट किंवा अळिंबीपासून बनते, आणि लायकेनपासून (दगडफुलासारख्या वाढीपासून) बनवलेले, प्राणिज नसलेले ड-३ ही आता मिळते. शेवटचे महाग असते आणि नागपूरहून मागवावे लागेल. डॉक्टरांना आपली अडचण सांगितली, तर ते ड-२ ची मात्रा ठरवून देऊ शकतील. पुडी दुधातूनच घ्यावी लागते, असे मात्र नाही. जेवणात थोडे तेल असले की जेवणानंतर पाण्याबरोबर घेतली तरी चालते.

प्रश्न : माझी सून पाच महिन्यांची गरोदर आहे. ती दूध-दही घेत नाही. आरोग्य केंद्रातून तिला लाल गोळ्या मिळतात, त्या ती नियमित घेते. तेवढे पुरे आहे का? (एक सासूबाई, वर्धा जिल्हा)

उत्तर : नाही, आणि हे तातडीचे आहे. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते, बी-१२ नसते. गोळी अवश्य चालू ठेवावी. मात्र फॉलिक अॅसिडमुळे बी-१२ च्या अभावाने होणारा रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंची इजा आतून चालू राहू शकते. आईच्या अंगात बी-१२ नसेल, तर अंगावरच्या दुधातूनही ते बाळाला मिळत नाही. असे बाळ पहिले काही महिने चांगले दिसते आणि मग सहा-आठ महिन्यांचे असताना सुस्त होते, धरलेली मान सोडते, त्याचे हातपाय थरथरू लागतात. वेळीच लक्षात आले, तर उपचार सोपे आहेत, पण ही वेळ येऊच न देणे आपल्या हातात आहे.

सूनबाईंना दूध पिण्याचा आग्रह करत बसण्यापेक्षा त्यांना घेऊन या आठवड्यातच आरोग्य केंद्रात जावे. आशाताईंना सोबत घेतले तरी चालेल. सूनबाई दुधाचे काहीच घेत नाहीत, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगून बी-१२ आणि ड जीवनसत्त्व स्वतंत्रपणे लिहून घ्यावे, दूध बंद असल्याने कॅल्शियमच्या गोळीबद्दलही विचारावे. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी देऊ नये, दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर द्यावी, चहाबरोबर नको. बाळंतपणानंतर अंगावर पाजत असेपर्यंत बी-१२ ची गोळी बंद करू नये, आणि बाळाच्या डॉक्टरांनाही पहिल्याच भेटीत आईच्या आहाराची कल्पना द्यावी.