वाचक विचारतात : गोव्यासाठी बोलणी सोडून सैन्य का?

पाँडिचेरी फ्रान्सने बोलणी करून सोडली. गोव्यासाठी भारताने तेवढे प्रयत्न केले नाहीत, असं म्हणायचं का?
*– वाचक, सावंतवाडी*

नाही. 27 फेब्रुवारी 1950 रोजी भारताने पोर्तुगालकडे रीतसर बोलणी मागितली. उत्तर आलं, की चर्चेला विषयच नाही. पुढच्याच वर्षी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने राज्यघटना बदलून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ ठरवलं. हा बदल नुसत्या नावाचा नव्हता. वसाहत असेल तर ती कधी आणि कशी सोडायची यावर बोलता येतं. देशाचाच तुकडा म्हटलं की बोलायला बसणं हाच गुन्हा होतो. शिवाय गोव्यावर बोलणी झाली, तर उद्या अंगोला आणि मोझांबिक या आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतीही तेच मागतील, ही भीती होतीच.

फ्रान्समध्ये निवडून आलेलं सरकार होतं आणि 1954 च्या उन्हाळ्यात ते इंडोचायनात हरलं होतं. ऑक्टोबर 1954 मध्ये पाँडिचेरीजवळच्या किळूर येथे तिथल्या 178 लोकप्रतिनिधींपैकी 170 जणांनी भारतात विलीन होण्याच्या बाजूने मत दिलं आणि 1 नोव्हेंबरला ताबा मिळाला. लिस्बनमध्ये मात्र मतदाराला सरकार बदलण्याची सोयच नव्हती. भारताने जून 1953 मध्ये तिथली वकिलात बंद केली, ती तीन वर्षं दार ठोठावून झाल्यावर.

1955 नंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली होती. तिने काम का झालं नाही?
*– वाचक, बेळगाव*

नाकेबंदी चालायला दोन गोष्टी लागतात : माल यायला दुसरी वाट नसणं आणि तो विकत घ्यायला पैसा नसणं. इथे दोन्ही नव्हत्या. रेल्वे आणि जमिनीवरचा व्यापार थांबला, पण मुरगाव बंदर उघडं होतं. त्याच बंदरातून लोहखनिज जपानला आणि पश्चिम जर्मनीला जाऊ लागलं, आणि त्याच पैशातून धान्य व चैनीच्या वस्तू येऊ लागल्या. दाभोळीचा विमानतळ उभा राहिला, कराचीला विमानं सुरू झाली. खाणमालक श्रीमंत झाले. झळ बसली ती मुंबईत नोकरी करून घरी पैसे पाठवणाऱ्या गोवेकरांच्या कुटुंबांना. दाब टाकायचा होता लिस्बनवर, पडला तो भलत्यांवर.

त्याआधी, 15 ऑगस्ट 1955 ला, निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक माणसं मारली गेली होती. समोरची राजवट गोळ्या घालते आणि तिला तिच्याच देशात कोणी जाब विचारत नाही, तिथे सत्याग्रहाचं हत्यार बोथट होतं. हे लिहिताना त्या माणसांच्या धैर्याला कमी लेखायचं नाही.

पोर्तुगीज फौज जेमतेम चार हजारांच्या आसपास होती. मग डिव्हिजन, विमानवाहू नौका, बाँबफेकी विमानं कशाला?
*– वाचक, पुणे*

कमी माणसं मरावीत म्हणून. फौज बरोबरीची असती, तर लढाई पंधरा दिवस रेंगाळली असती, गावं जळाली असती आणि तेवढ्या वेळात संयुक्त राष्ट्रांचा युद्धबंदीचा दबाव आला असता.

18 डिसेंबर 1961 ला पहाटे मेजर जनरल कँडेथ यांची 17 इन्फंट्री डिव्हिजन पूर्वेकडून निघाली. मुख्य धडक तीच होती. ब्रिगेडियर सगतसिंग यांच्या 50 पॅरा ब्रिगेडला उत्तरेकडून दुय्यम काम होतं. प्रत्यक्षात तीच आधी पोहोचली : 18 च्या संध्याकाळी मांडवीकाठी बेतीला, 19 ला सकाळी नदी ओलांडून पणजीत. गोव्यात शत्रूपेक्षा नद्यांनी जास्त वेळ खाल्ला. माघार घेताना पोर्तुगीजांनी पूल उडवले होते. पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा बाँबफेकी विमानांनी दाभोळीची धावपट्टी निकामी केली, हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र बंद पाडलं. बियास आणि बेतवा या आपल्या युद्धनौकांनी (फ्रिगेट) ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ हे पोर्तुगीज जहाज निकामी केलं.

सगळं सुरळीत झालं नाही. अंजदीव बेटावर उतरणाऱ्या तुकडीवर गोळीबार होऊन सात नौसैनिक गेले. दीवमध्ये खाडी ओलांडण्याचा पहिला प्रयत्न फसला. तरी दोन्ही बाजूंचे मिळून मृत पन्नासच्या आसपासच राहिले. याचं थोडं श्रेय गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनाही द्यायला हवं. शेवटपर्यंत लढा, हा सालाझारचा हुकूम बाजूला ठेवून ते 19 च्या रात्री शरण आले.

पोर्तुगाल ‘नाटो’त, म्हणजे पाश्चात्त्य देशांच्या लष्करी संघटनेत होता. नाटो मदतीला का आलं नाही?
*– वाचक, ठाणे*

नाटो कराराचं सहावं कलम मदतीची हद्द आखून देतं : युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेचा अटलांटिक. गोवा त्यात बसत नाही. सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि माघारीच्या ठरावाला सात मतं पडली, चार विरोधात. सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो पडला.

1510 पासून चालू असलेलं आक्रमण आम्ही संपवतो आहोत, हा भारताचा युक्तिवाद मला कायद्याच्या कसोटीवर कच्चा वाटतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत बळाचा वापर करायला मनाई करणारं 2(4) कलम आहे, त्यात वसाहतींसाठी सूट नाही. खरा आधार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या डिसेंबर 1960 मधल्या 1542 व्या ठरावाचा होता. पोर्तुगीज ‘प्रांत’ या वसाहतीच आहेत, हे आमसभेने त्यात नाव घेऊन म्हटलं. तो ठराव परराष्ट्र खात्यांच्या चिवट कामातून आला, रणगाड्यांतून नव्हे.

म्हणजे शेवटी बळच कामाला येतं, असंच ना?
*– वाचक, रत्नागिरी*

गोव्यात आलं, कारण तिन्ही बाजूंनी आपली जमीन आणि चौथ्या बाजूला आपलं आरमार होतं, दोस्त राष्ट्रं येणार नव्हती, स्थानिक लोक विरोधात नव्हते आणि हवं होतं तेही नेमकं होतं. यातली एक गोष्ट वजा करा, हिशेब बदलतो. गोव्याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबर 1961 मध्ये, दिल्लीने चीनच्या सीमेवर चौक्या पुढे सरकवण्याचा हुकूम काढला. तिथे रस्ते नव्हते, तोफा नव्हत्या. 20 ऑक्टोबर 1962 ला ईशान्य सीमेवरच्या नामका चू नदीवर चीनचा हल्ला झाला, तेव्हा जवानांकडे उबदार कपडे नव्हते आणि माणशी सुमारे 50 काडतुसं होती. बोलणी गोठलेली, आणि बळ फक्त नकाशावर.

पोर्तुगालने गोवा भारताचा हे कधी मान्य केलं?
*– वाचक, मडगाव*

31 डिसेंबर 1974 च्या करारात. लिस्बनमधली हुकूमशाही एप्रिलमध्ये कोसळली होती. त्यानंतर आठ महिन्यांत सही झाली.