लेकीला रिपीट करायला लावायचंय की गप्प करायचंय?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. साडेचार पानं लिहिलीत आणि त्यात लेकीच्या शिक्षणावर मोजून चार ओळी. बारावी सायन्सला ७६ टक्के, नीटला ७२० पैकी ३४८, आता एक वर्ष रिपीट करायचं असं तुम्ही म्हणता, आणि ती म्हणते मी नाही करणार, मला पर्यावरणाचं नीतिशास्त्र, म्हणजे निसर्गाशी माणसानं कसं वागणं योग्य, ते शिकायचंय. बाकी सगळं पत्र साताऱ्याजवळच्या कास पठाराकडं जाणाऱ्या रोडवरच्या जमिनीबद्दल आहे. सड्यावरची, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरची, वडिलोपार्जित जमीन, तिथं रिसॉर्ट काढायचं तुमचं नि भावांचं ठरलेलं, आणि एके दिवशी जेवताना पोरगी चुलत्यांसमोर म्हणाली, पप्पा, जमीन आपली असली तरी तिथं जे उगवतं ते आपण लावलेलं नाही. त्याच्या पुढची तुमची ओळ अशी, "त्याच दिवशी ठरवलं, हिला पुण्याला हॉस्टेलला टाकायचं, रिपीट केलं की उतरेल खूळ."

मला काळजी वाटली ती या ओळीची. ३४८ वर सरकारी एमबीबीएस मिळत नाही हे तुम्हालाही माहितीय नि तिलाही, त्यावर वाद नाही. पण रिपीटचा निर्णय पेपर बघून घेतात, बायोलॉजीला किती पडले, फिजिक्समध्ये कुठं गेले, पोरीला परत एक वर्ष तेच पुस्तक उघडायची इच्छा आहे का. तुम्ही तो घेतला चुलत्यांसमोर अपमान झाला म्हणून. म्हणजे नीट ही परीक्षा राहिली नाही, शिक्षा झाली. आणि अशी शिक्षा म्हणून बसवलेली पोरं मी बघितलीत दादा, क्लासमध्ये शेवटच्या बाकावर बसतात, टेस्टचे मार्क घरी खोटे सांगतात, आणि मेमध्ये तोच स्कोअर येतो किंवा त्याहून कमी. वर बाप म्हणतो मी लाखो रुपये घातले. तुम्हाला माझ्याकडून करिअरचा सल्ला नकोय, घरातल्या भांडणात तुमच्या बाजूनं बोलणारा माणूस पाहिजे, असं मला पत्र वाचून वाटलं. राग येईल, पण तसंच वाटलं.

आता तुमच्या पत्रातलं दुसरं वाक्य, "हे निसर्गप्रेमाचं भावनिक खूळ आहे, पडीक सड्यावर गवतसुद्धा धड येत नाही तिथं कसलं नीतिशास्त्र." हा गैरसमज तुमचा एकट्याचा नाही, निम्म्या साताऱ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कासच्या जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर असतो, म्हणूनच तिथं झाडं नाहीत आणि म्हणूनच ८५० च्या वर प्रकारच्या फुलझाडांना जागा मिळालीय, त्यातल्या वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, २०१२ ला युनेस्कोनं पश्चिम घाटाबरोबर कासलाही जागतिक वारसा म्हटलं ते काय गवत बघून नाही. पण सरकारी हिशोबात बघा काय होतं. जंगलाची जमीन प्रकल्पाला दिली की कंपनीला त्या जंगलाचं मोल भरावं लागतं, २००८ ला सुप्रीम कोर्टानं ते हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख ठरवलं, २०२२ ला वाढवलं, आणि ते ठरतं जंगलाचा प्रकार कुठला नि झाडोरा किती दाट यावर. मग ज्या सड्यावर झाडच उभं राहत नाही त्याचं मोल काय लावणार? दाट नाही म्हणून कमी? कासचं पाणी सातारा शहर पितं ते कुठल्या रकान्यात धरायचं? आणि पाणी, पर्यटन, औषध काहीच मिळत नसेल तर वायतुऱ्यानं जगायचं कारण संपलं का? त्यात पुन्हा कासला कुंपण घातलं तेव्हा गुरं चरायची थांबली, मग फुलं कमी झाली अशी ओरड झाली आणि कुंपण काढावं लागलं, म्हणजे वाचवायचं ते नक्की काय, माणूस नि गुरं वगळून उरलेलं रान, की गुरं धरून असलेलं? यात रडायबिडायचं काही नाही. हे वाद कोर्टात चालतात, कमिट्यांत चालतात, त्यावर करोडोंचे प्रकल्प अडतात नि सुटतात, आणि ते मांडायला डोकं थंड असलेली माणसं लागतात. तुमची पोरगी जेवताना जे एका वाक्यात बोलली त्यावर जगभर पन्नासेक वर्षं गंभीर अभ्यास चाललाय.

आता तिला. (दादा, हे तिला वाचून दाखवू नका, तिच्या हातात द्या.)

बाळा, वाक्य भारी होतं, पण अर्धंच होतं. तुझ्या वाडवडिलांनी तो सडा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, त्यातून दमडी मिळाली नाही, आणि आता पुण्या-मुंबईची माणसं गाड्या घेऊन फुलं बघायला येतात तर म्हणायचं तुम्ही काही बांधू नका. हा खर्च कुणी सोसायचा? कोयना-चांदोलीतली गावं उठली, तिथल्या लोकांनी वाघाच्या जंगलासाठी घरं सोडली, त्यांना जाऊन विचार निसर्गाचं मोल काय. या प्रश्नाला भिडत नसलेलं नीतिशास्त्र म्हणजे नुसते फोटो काढणं. तुझ्या बापाचा मुद्दा चुकीचा असेलही, पण तो मुद्दा आहे, आणि चुलत्यांसमोर बोलायची गरज नव्हती, ते त्याला एकट्याला सांगता आलं असतं.

आणि एक व्यवहाराचं. या नावाची पदवी शोधत बसू नकोस. बारावीनंतर थेट तेच शिकवणारी नि पुढं नोकरी देणारी डिग्री आपल्याकडं मिळायची नाही. आधी एक पक्का विषय हातात घे. फिलॉसॉफीत बीए केलंस तर भारतीय वनसेवेच्या परीक्षेला बसता येत नाही, तिथं बॉटनी, झूऑलॉजी, जिऑलॉजी असा ठराविक यादीतला विषय पदवीला लागतो, हे लोकांना पोरं टीवायला, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाला, गेल्यावर कळतं. सड्यावर जीव असेल तर साताऱ्यातच बीएस्सी बॉटनी कर, मग शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्र. भोपाळची वनव्यवस्थापनाची आयआयएफएम, मुंबईची समाजविज्ञानाची टिस वगैरे संस्था नंतर बघू.

पण तुझं ते वाक्य वाचून मला खरं सांगायचं तर बॉटनीपेक्षा कायदा आठवला. पाच वर्षांचा लॉ, राज्याची लॉ सीईटी दे, जमलं तर राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा क्लॅट पण. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिमेचं खंडपीठ पुण्यात आहे, तिथं जमीन, पाणी, बांधकाम हेच सगळं चालतं. सुरुवातीला पैसे कमी मिळतात, सीनियरच्या हाताखाली पाच-सहा वर्षं फायली उचलाव्या लागतात, ते आत्ताच सांगून ठेवतो. घरात दुसरं उत्पन्न आहे म्हणून तुला ते परवडेल, सगळ्यांना परवडत नाही.

दादा, परत तुमच्याकडं. रिसॉर्टला परवानगी मिळते का ते मला विचारू नका, वकिलाला नि आर्किटेक्टला विचारा, तिकडच्या बांधकामांवरून किती कटकटी झाल्यात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकलं असेल. मला फक्त एवढं पाहिजे की रिसॉर्टचा निर्णय आणि पोरीच्या ॲडमिशनचा निर्णय एकाच बैठकीत होऊ नये, आणि ॲडमिशनच्या बैठकीत चुलते नकोत. तिची आई पत्रात कुठंच नाही, तिला काय वाटतं ते तेवढं विचारा.

हॉस्टेल नि क्लासची फी भरली नसेल तर थांबा. भरली असेल तर उद्याच फोन करा, बरेच क्लासवाले बॅच सुरू झाली की रिफंडचं नाव काढू देत नाहीत.