वाचकांचे प्रश्न : दिवस मावळल्यावर स्कोप का कमी पडतो?

प्रश्न : माझ्या रायफलवर ३-९×४० स्कोप आहे, म्हणजे ३ ते ९ पट मोठं दाखवणारी, ४० मिमी पुढच्या भिंगाची नेम धरायची दुर्बीण. दुपारी त्यातून पान न् पान दिसतं. दिवस मावळला की झुडपाच्या सावलीतलं हरीण मात्र दिसत नाही, ९ पटीवर ठेवूनही. ५६ मिमी भिंगाचा स्कोप घ्यावा का?

उत्तर : आधी पट कमी करून बघा. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्याशी येणाऱ्या कवडशाची जाडी मिळते. ४० भागिले ९ म्हणजे जेमतेम ४.४ मिमी. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली ७ मिमीच्या आसपास उघडते, पन्नाशीनंतर बहुतेकांची ५ च्या आसपासच. ६ पटीवर तोच कवडसा ६.७ मिमी होतो. त्याहून खाली उतरलात तर जास्तीचा प्रकाश बाहुलीत मावत नाही आणि जनावर उगाच लहान दिसतं.

५६ मिमीने ९ पटीवर ६.२ मिमी मिळतील, हे खरं. पण स्कोप जड होतो, उंच रिंगांवर (त्याला रायफलवर धरणाऱ्या कड्यांवर) बसवावा लागतो आणि गाल दस्त्याला नीट टेकत नाही. पैसे घालायचेच असतील तर काचेवरच्या लेपात घाला. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. असे १६ पृष्ठभाग धरले तर पलीकडे निम्माच पोचतो. चांगल्या बहुस्तरीय लेपाने हीच गळती दर पृष्ठभागाला अर्ध्या टक्क्यावर येते आणि ९२ टक्के पोचतो. शिवाय परतलेला प्रकाश नळीतच भटकतो आणि चित्रावर राखाडी पडदा धरतो. सावलीतलं काळं काळं राहत नाही, त्यात हरणाची पाठ विरघळते. तुमची अडचण बहुधा हीच आहे. खोक्यावर नुसतं ‘कोटेड’ असेल तर एखाद्याच पृष्ठभागावर लेप असू शकतो. ‘फुली मल्टी-कोटेड’ (सगळ्या पृष्ठभागांवर बहुस्तरीय लेप) हे शब्द शोधा.

पारख दुकानाच्या दिव्याखाली होत नाही. स्कोप रायफलवरून उतरवून संध्याकाळी बाहेर न्या. कललेला सूर्य चित्राच्या बराच बाहेर ठेवा (सूर्याकडे स्कोप कधीही वळवू नका) आणि दाट झुडपाच्या पोटात बघा. आतल्या काटक्या वेगवेगळ्या दिसल्या तर काच चांगली. सगळं दुधाळ झालं तर नाही. मग उजळ आकाशावर एखादी काळी फांदी धरा. कडेला जांभळी किंवा हिरवी किनार जितकी कमी तितकं बरं. चित्राच्या अगदी काठावरची धूसरता स्कोपमध्ये मी फारशी मोजणार नाही. नेम मध्यावरच धरायचा असतो.

काचेला दोष देण्याआधी मागचं भिंग जुळवलंय का तेही बघा. ते जुळवणं जनावरासाठी नसून क्रॉसहेअर, म्हणजे नेमाच्या उभ्या-आडव्या रेघा, स्पष्ट दिसण्यासाठी असतं. रायफल रिकामी करून कोऱ्या आकाशाकडे दोन सेकंद बघा, नजर काढा, ते भिंग थोडं फिरवा, पुन्हा बघा. टक लावून बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि चूक लपते.

प्रश्न : मग सावज स्कोपनेच शोधलं तर वेगळी दुर्बीण कशाला?

उत्तर : स्कोप जिकडे वळतो तिकडे रायफलच्या नळीचं तोंडही वळतं. झाडीत हललेलं ते माणूसही असू शकतं. ओळख पटेपर्यंत रायफल उचलायचीच नाही, इथे सवलत नाही.

८×४२ दुर्बीण घ्या, कवडसा ५.२५ मिमी आणि हातात स्थिर राहते. बसून कोपर गुडघ्यांवर टेकवा. आधी जवळचं बघा, मग पट्ट्यापट्ट्याने दूर जा. प्रत्येक पट्टा आधीच्यावर थोडा चढू द्या. दुर्बीण सतत फिरवत राहू नका, एका जागी काही क्षण थांबवा. अख्खं जनावर शोधू नका. उभ्या खोडांमधली एक आडवी रेघ म्हणजे पाठ असू शकते. माशी हाकलताना फडकलेला कान, ओल्या नाकाची चमक, झुडपाखालचे पाय, असं तुकड्यातुकड्यानेच ते सापडतं.

प्रश्न : भिंगावर धुकं येतं. पुसलं तरी जात नाही.

उत्तर : पुसून जात नसेल तर ओल आत शिरली आहे: सील गेलं आणि आतला कोरडा वायू निसटला. स्कोप उघडू नका, उत्पादकाकडे पाठवा. बाहेरची धूळ आधी फुंकणीने, मग मऊ ब्रशने काढा आणि त्यानंतरच ओलं कापड लावा. कोरड्या सदऱ्याने पुसलं की कण लेपावर घासतात आणि ते ओरखडे भरून निघत नाहीत.