गाडीतल्या नळांना थंडी बाधली, आता काय?

प्रश्न : नमस्कार काका, आम्ही मिशिगनला ग्रँड रॅपिड्सजवळ राहतो. गेल्या उन्हाळ्यात २००८ सालचं एक जुनं मोटरहोम (राहायची सोय असलेली गाडी) घेतलं, दोन ट्रिपा झाल्या, मुलं जाम खूश. नोव्हेंबरमध्ये टाकीतलं पाणी सोडून दिलं आणि गाडी ड्राइव्हवेत लावून पुण्याला दिराच्या लग्नाला गेलो ते जानेवारीअखेर परत. आता एप्रिलमध्ये होज जोडून पाणी चालू केलं तर सिंकखालून फवारा, टॉयलेटच्या मागून धार, आणि पायाखालची जमीन ओली. दुकानवाला म्हणतो सहा आठवडे नंबर नाही. आमचे हे म्हणतात विकून टाकू. घरी दुरुस्त होईल का? पाइप सगळे बदलावे लागतील का?

उत्तर : ताई, विकू नका, निदान एवढ्यासाठी तरी नको. घरी होईल, पण आधी तो होज काढा. पाणी घालून गळती शोधायची हीच पहिली चूक, मीही केलीय, आणि प्रत्येक वेळी लाकडी फरशी आणखी भिजते.

टाकी रिकामी केली म्हणजे गाडी रिकामी झाली असं सगळ्यांनाच वाटतं. नळ्यांमध्ये, पंपात, गीझरमध्ये, टॉयलेटच्या व्हॉल्व्हमध्ये पाणी राहतंच. गोठताना ते साधारण ९ टक्के फुगतं. गंमत अशी की फुटतं ते बऱ्याचदा बर्फ झालाय तिथे नाहीच, एका बाजूला बर्फाचं बूच आणि दुसऱ्या बाजूला बंद नळ, मध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि जो भाग सगळ्यात कमजोर तो जातो. तुमच्या २००८ च्या गाडीत बहुतेक पेक्सचे, म्हणजे लवचिक प्लास्टिकचे पाइप असतील, पांढरे किंवा लाल-निळे, ते थोडे ताणून परत जागेवर येतात. म्हणून पाइप सगळे बदलायची वेळ सहसा येत नाही, फुटतात ते प्लास्टिकचे जोड (वळणावरचे एल्बो, तीन तोंडांचे टी), नळांचे आतले भाग, व्हॉल्व्ह. (ज्यांच्या गाड्या नव्वदीच्या दशकातल्या किंवा त्याआधीच्या आहेत आणि पाइप राखाडी, वर पीबी (पॉलिब्युटिलीन, जुन्या प्रकारचं प्लास्टिक) असं छापलेलं, त्यांनी मात्र आपले साधे पेक्सचे जोड त्यावर बसवू नयेत, त्याला वेगळे जोड मिळतात.)

आता शोधायचं कसं, तर हवेने. सगळं पाणी खालच्या ड्रेनमधून काढा, गीझर बायपास करा (त्याचे व्हॉल्व्ह फिरवून पाणी टाकीत न जाता बाजूने जाईल असं करा), सगळे नळ बंद. होज लावतो त्या तोंडाला एक छोटा अडॅप्टर मिळतो, टायरच्या व्हॉल्व्हसारखा, तो फिरवून बसवा आणि कॉम्प्रेसरने हवा भरा, दाब ३० पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप), फार तर ४०, त्याच्या वर जाऊ नका नाहीतर जे थंडीने सोडलंय ते तुम्ही फोडाल. मग टीव्ही बंद, पंखा बंद, मुलांना बाहेर पाठवा आणि ऐका. सुंsss असा आवाज येतो. जिथून येतो तिथे भांड्याच्या साबणाचं पाणी स्प्रेने मारा, बुडबुडे आले की मार्करने खूण करा.

आणि इथेच खरं सांगायचं ते : एक सापडलं म्हणून थांबू नका. माझ्या पहिल्या वर्षी टॉयलेटचा व्हॉल्व्ह फुटलेला सापडला, बदलला, पॅनेलचे सगळे स्क्रू लावून मोठ्या रुबाबात चहा प्यायलो. बाहेरच्या बाजूला पाय धुवायचा जो शॉवर असतो ना त्या खोक्याकडे बघितलंच नव्हतं, त्याचा नळ मागून तडकलेला, पाणी भिंतीच्या आत दोन आठवडे झिरपत होतं आणि कळलं ते वासावरून. भिंत उघडली तर आतलं इन्सुलेशन पिळायच्या फडक्यासारखं. तेव्हा एक दुरुस्त केलं की परत हवा भरा, दाबाचा काटा पंधरा-वीस मिनिटं जागेवर राहिला तरच पॅनेल लावा.

कुठे कुठे बघायचं : होज जोडतो तिथला आतला व्हॉल्व्ह, बाहेरचा शॉवर, टॉयलेटच्या मागचा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह, आतल्या शॉवरचा नळ, गीझरचे बायपास व्हॉल्व्ह, फ्रिजला बर्फाची लाइन असेल तर ती. सिंकखालचा सांडपाण्याचा वळणाचा पाइप हवेच्या टेस्टमध्ये कळत नाही, त्यात नंतर बादलीभर पाणी ओतून बघा.

पंप वेगळा बघायचा, कारण ही हवा त्याच्यापर्यंत बहुतेक पोचत नाही. पंपाच्या अलीकडे अंगठ्याएवढी पारदर्शक वाटी असते, गाळणीची. ती हमखास तडकते आणि फसवते, कारण गळत नाही. पंप घर्रघर्र चालू, नळाला मात्र फुसफुस हवा, पंप पाण्याऐवजी त्या चिरेतून हवाच ओढत असतो. लोक पंप बदलतात आणि नवाही तसाच वागतो, मग कपाळावर हात. आधी वाटी बॅटरीच्या उजेडात फिरवून बघा, केसाएवढी रेघ दिसेल.

जोड बदलताना पाइप हॅक्सॉने कापू नका, पेक्सचा कटर घ्या, काप सरळ नव्वद अंशात यायला हवा. जोड पक्का धरणारी रिंग आधी पाइपवर सरकवायची (हे विसरून जोड घुसवला की स्वतःवरच चिडायला होतं), मग जोड त्याच्या कडेपर्यंत पूर्ण आत, रिंग टोकापासून थोडी मागे, आणि दाबायची. दोन प्रकारच्या रिंगा मिळतात, तांब्याच्या आणि स्टीलच्या कानवाल्या. माझं मत, मोटरहोमसाठी कानवाल्या घ्या, त्यांचा पक्कड अरुंद जागेत जातो, तांब्याच्या रिंगेच्या हत्याराचे लांब दांडे सिंकखाली उघडतच नाहीत. जिथे कुठलंच हत्यार जात नाही तिथे नुसते ढकलून बसणारे जोड वापरा, महाग पडतात पण कंबर वाचते. पाइपवर किती आत जायला हवा ती खूण करा, अर्धवट बसलेला जोड गाडी खड्ड्यात आपटली की निसटतो.

गीझर : सगळं घट्ट होईपर्यंत विजेवर चालू करायचा नाही, म्हणजे नाहीच. बायपास काढून टाकी भरा, गरम नळातून सलग पाणी आलं की मगच स्विच. रिकाम्या टाकीत आतली कॉइल लगेच जळते. टाकीच फाटली असेल तर चिकटवाचिकटवी नको, बदला.

फरशी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, लोण्यासारखा आत गेला तर लाकूड गेलंय. नाही गेला तर कपाटं उघडी, पंखा आणि डीह्युमिडिफायर आठवडाभर.

पुढच्या ऑक्टोबरला गीझर बायपास करून गुलाबी अँटीफ्रीझ (थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून भरायचं द्रव) पंपाने सगळ्या नळांतून ओढा, गरम-थंड दोन्ही, टॉयलेट आणि बाहेरचा शॉवरसुद्धा, गुलाबी रंग दिसेपर्यंत. दोन-तीन गॅलन पुरतं. इंजिनवालं हिरवं अजिबात घालू नका, ते विष आहे. आणि गुलाबी बाटलीवर उणे ५० फॅरेनहाइट लिहिलेलं असतं, पण त्याच्या बऱ्याच आधीच ते चिखलासारखं घट्ट झालेलं दिसलं तर घाबरू नका, तो आकडा पाइप न फुटण्याचा आहे, न गोठण्याचा नाही.

प्रश्न : काका, आम्ही नाशिकचे, फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनची कॅम्परव्हॅन केली, सीपीव्हीसीची (घरातल्या कडक प्लास्टिक पाइपची) लाइन टाकली. ऑक्टोबरअखेर हिमाचलच्या स्पितीत काझ्याला एका रात्रीत दोन एल्बो आणि पंपाचं डोकं गेलं. एम-सील लावलंय. चालेल?

उत्तर : घरापर्यंत पोचायला चालेल. दाबाच्या लाइनवर एम-सील टिकत नाही, त्यात आपले रस्ते. पंपाचं डोकं सुटं मिळतंय का बघा, मोटर चांगली असेल तर अख्खा पंप कशाला. सीपीव्हीसी काढून टाका, हलत्या गाडीत आणि थंडीत तो खडूसारखा तुटतो, जाळीचा होज आणि क्लॅम्प पुरेत. आणि साडेतीन हजार मीटरच्या वर रात्री लाइनमध्ये पाणी ठेवायचंच कशाला? स्पितीत हिवाळ्यात होमस्टेवालेसुद्धा नळ बंद करून बादलीने पाणी देतात. झोपण्याआधी लाइन मोकळी करा, नळ उघडे ठेवा आणि सकाळच्या चहापुरता एक जेरीकॅन आत, तुमच्या पायाशी.